पंचेचाळीसवर कापूनही फट का राहते?

घरात फर्निचरचं काम चालू असलं की हा प्रश्न हमखास निघतो. दाराच्या चौकटीभोवती सागवानी मोल्डिंग पट्टी बसवलेली असते. दोन उभ्या पट्ट्या आणि वरची आडवी पट्टी, वरच्या दोन्ही कोपऱ्यांत तिरक्या कापून जोडलेल्या. एका कोपऱ्यातला सांधा शोधूनही सापडत नाही. दुसऱ्यात मात्र पोस्टकार्ड सरकेल एवढी फट. घरमालक विचारतात, "मिस्त्री, पंचेचाळीसवरच कापलंय ना?" मिस्त्री म्हणतात, "होय साहेब, मशीन बघा की, पंचेचाळीसवरच आहे." दोघांचंही बोलणं खरं असतं आणि फटही तिथेच असते.

तिरका काप घेणारं हे यंत्र म्हणजे मायटर सॉ. एक बैठक, तिच्यामागे लाकूड टेकवायची उभी पट्टी (कारागीर तिला फेन्स म्हणतात) आणि वरून खाली येणारं गोल दातेरी पातं. पातं डावी-उजवीकडे फिरवलं की काप तिरका होतो. पात्याचं डोकंच एका बाजूला कलतं अशा प्रकाराला कंपाउंड म्हणतात, आणि डोकं पुढे-मागे सरकतं त्याला स्लायडिंग. पूर्वी हेच काम लाकडी खाचपेटीत हातकरवत चालवून होत असे. यंत्रानं वेळ वाचवला आणि काप गुळगुळीत दिला. पण कोपऱ्याचा कोन किती आहे हे त्याला कळत नाही आणि हात कुठे आहे हेही कळत नाही. या दोन गोष्टी कापणाऱ्यानेच सांभाळायच्या असतात. माझं म्हणणं असं, की त्या वेगळ्या शिकाव्या लागत नाहीत. ज्या सवयीनं सांधा मिटतो, त्याच सवयीनं बोटं वाचतात. हे कसं, ते पुढे ओघात येईलच.

१. यंत्राचा शून्य कुठे असतो?

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून आधी हेच. मायटर सॉच्या मापपट्टीवर काटा शून्यावर असतो तेव्हा पातं लाकूड सरळ आडवं, काटकोनात कापतं. म्हणजे आपल्या कोनमापकावर जो ९० असतो, तो यंत्रावर शून्य असतो. यंत्र मोजतं ते सरळ कापापासून पातं किती वळलं, ते.

दोन पट्ट्या कोपऱ्यात भेटतात तेव्हा सांध्याची रेघ कोपऱ्याचे बरोबर दोन सारखे भाग करते. कोपरा ९० अंशांचा असेल तर प्रत्येक पट्टीचं टोक ४५ अंशांचं होतं, आणि ९० वजा ४५ म्हणजे पुन्हा ४५. त्यामुळे काटकोनात दोन्ही हिशोब एकच आकडा देतात आणि आपल्याला वाटतं, कोपऱ्याचा निम्मा आकडा यंत्रावर लावायचा एवढाच नियम आहे.

आता भिंतीचा कोपरा ८८ अंशांचा आहे असं धरू. निम्मे केले की ४४. बरेच जण यंत्रावर ४४ लावतात आणि फट वाढते. टोक ४४ अंशांचं हवं असेल तर यंत्रावर ९० वजा ४४, म्हणजे ४६ लावायला हवेत. कोपरा ९२ चा असेल तर यंत्रावर ४४. कोपरा जितका आवळलेला, तितका यंत्रावरचा आकडा मोठा, हे लक्षात ठेवलं की उलटसुलट होत नाही. गॅलरीच्या बाजूला भिंत १३५ अंशांत वळलेली असते, तिथे निम्मे साडेसदुसष्ट, आणि यंत्रावर साडेबावीस. बहुतेक यंत्रांवर साडेबावीसला एक खाच आधीच दिलेली असते ती याचसाठी.

समान बाजूंची चौकट करायची असेल तर हिशोब आणखी सोपा: १८० ला बाजूंच्या संख्येनं भागायचं. चार बाजूंना ४५, सहा बाजूंच्या आरशाला ३०, आठ बाजूंच्या ट्रेला साडेबावीस.

२. अर्धा अंश म्हणजे किती?

अर्धा अंश ऐकायला क्षुल्लक वाटतो. ७० मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर ४५ चा काप घेतला की कापाची तिरकी लांबी होते ९९ मिलिमीटर. दोन्ही पट्ट्यांत अर्धा-अर्धा अंश कमी पडला, तर कोपऱ्यात एक अंशाची तूट येते आणि ९९ मिलिमीटर लांबीच्या टोकाला ती १.७ मिलिमीटरची फट होऊन दिसते. सुताराच्या भाषेत अर्ध्या सुतापेक्षा जास्त. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३.२ मिलिमीटर.

फोटोच्या चौकटीत हे आणखी बोचतं. चार कोपरे म्हणजे आठ काप. प्रत्येक कापात अर्धा अंश चुकला आणि पहिले तीन कोपरे आवळून घट्ट बसवले, तर चौथ्या कोपऱ्यात चार अंश जमा होतात. तिथे जवळजवळ ७ मिलिमीटरची, दोन सुतांहून मोठी फट पडते. चौथाच कोपरा का बिघडला म्हणून त्या एकट्यालाच तासत बसण्यात अर्थ नसतो, कारण चूक आठही कापांत वाटली गेलेली असते.

३. यंत्र खरं बोलतंय का?

नव्या यंत्राच्या मापपट्टीवरही डोळे झाकून विसंबू नये. वाहतुकीत धक्के बसतात, स्क्रू हलतात. तपासायला महागडं साधन लागत नाही. दोन्ही कडा समांतर असलेली, हातभर लांब आणि शक्य तितकी रुंद फळी घ्यायची. काटा शून्यावर ठेवून ती मधोमध कापायची. मग एक तुकडा तसाच ठेवायचा, दुसरा पालथा घालायचा आणि कापलेली तोंडं एकमेकांना भिडवून दोन्ही तुकडे सरळ फळीला टेकवायचे. तोंडं पूर्ण मिटली तर यंत्र सरळ आहे. एका टोकाला फट दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते, कारण पालथं घातल्यामुळे चूक दोन्ही बाजूंनी मोजली जाते. या परीक्षेचं मोल यातच आहे. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी चूक ती दुप्पट करून दाखवते.

पंचेचाळीस तपासताना दोन तुकडे कापून जोडायचे आणि आतल्या बाजूला गुण्या लावायचा. पातं उभ्या रेषेत आहे का, हेही गुण्यानंच पाहायचं, पण गुण्या पात्याच्या सपाट अंगाला लावायचा, दातांना नाही. दात दोन्ही बाजूंना थोडे बाहेर आलेले असतात आणि गुण्या फसतो. हे सगळं करताना प्लग काढलेला असावा. बटण बंद आहे एवढ्यावर भागत नाही.

पात्याबद्दल थोडं. १० इंची यंत्रासोबत अनेकदा ४० दातांचं पातं येतं. ते चौकटीचे बांधे कापायला ठीक, पण पॉलिश होणाऱ्या पट्टीवर ते कडा उचकटतं. पट्ट्यांसाठी ६० ते ८० दातांचं पातं घ्यावं. बोथट पातं लाकूड कापण्याऐवजी ढकलतं, आणि काप तिरका जाण्याचं ते एक मोठं कारण असतं.

४. भिंतीला विचारायचं कसं?

आपल्याकडच्या घरांत कोपरा अचूक काटकोनात सापडणं हा योगच. विटांचं बांधकाम सरळ असलं तरी गिलावा कोपऱ्यात जाड बसतो. थापी आणि पट्टी कोपऱ्यात मोकळी फिरत नाही, त्यामुळे शेवटच्या दोन-तीन इंचांत भिंत हळूच आत वळते. म्हणून गुण्याचं टोक कोपऱ्यात खुपसून घेतलेला कोन आणि हातभर लांबीवर घेतलेला कोन वेगळे निघतात. पट्टी लांब असते, तेव्हा लांबीवरचाच कोन कामाचा.

कोन आकड्यात मोजायचीच गरज नाही, अशी एक जुनी युक्ती आहे. दाराच्या पट्टीसाठी ती फार उपयोगी पडते. पट्टीचा एक छोटा तुकडा घ्यायचा. तो उभ्या पट्टीच्या जागी धरून तिची बाहेरची कड भिंतीवर पेन्सिलीनं आखायची, आणि ती रेघ वरपर्यंत न्यायची. मग तोच तुकडा आडव्या पट्टीच्या जागी धरून तिची बाहेरची कड आखायची. दोन्ही रेघा एकमेकींना जिथे छेदतात तो सांध्याचा बाहेरचा बिंदू. आतल्या कडा जिथे भेटतात तो आतला बिंदू. हे दोन बिंदू जोडले की सांध्याची खरी रेघ मिळाली, मग चौकट ८९ अंशांची असो की ९१ ची. आता उभी पट्टी जागेवर धरून दोन्ही बिंदू तिच्यावर उतरवायचे आणि पात्याला त्या रेघेवर आणायचं. काटा ४५ च्या खाचेत अडकायला बघतो. खाच सोडवून तो मधल्या जागी आवळायला लागतो, एवढंच. अनेक फटी या खाचेच्या मोहातूनच आलेल्या असतात.

५. दाराचा एक हिशोब

समजा चौकटीची आतली रुंदी ९०० मिलिमीटर आणि उंची २१०० आहे. पट्टी ७० मिलिमीटर रुंद. पट्टी चौकटीच्या कडेला अगदी चिकटवून लावत नाहीत, ५ मिलिमीटर मागे घेतात. त्यामुळे कड थोडी वाकडी असली तरी डोळ्यांत भरत नाही आणि बिजागरीलाही जागा राहते.

वरच्या पट्टीची आतली लांबी, म्हणजे दोन आखूड टोकांमधलं अंतर: ९०० अधिक दोन वेळा ५, म्हणजे ९१०. काटकोन धरला तर बाहेरची लांबी प्रत्येक बाजूला ७० नं वाढते: १०५०. उभ्या पट्टीची आतली उंची २१०५, बाहेरची २१७५. मापं घेताना नेहमी आखूड टोकाचं माप धरावं, कारण चौकटीशी नातं त्याचंच असतं. लांब टोक आपोआप येतं.

आधी वरची पट्टी कापून तात्पुरती ठोकावी आणि उभ्या पट्ट्या तिच्याशी जुळवाव्यात. उभी पट्टी खालून एक-दोन मिलिमीटर लांब ठेवली तर वरचा सांधा जुळेपर्यंत पुन्हा कापायला वाव राहतो. सांधा मिटला की मगच खालचं टोक फरशीच्या मापात सरळ कापायचं.

पातं जितकं लाकूड खातं ती खाच अडीच-तीन मिलिमीटरची असते. ती नेहमी पेन्सिलीच्या रेघेच्या टाकाऊ बाजूला पडली पाहिजे. बंद असलेलं पातं हातानं खाली आणून एक दात रेघेला लागतो का, ते पाहावं. मग डोकं वर न्यावं, बटण दाबावं, पातं पूर्ण वेग घेईपर्यंत थांबावं आणि मगच खाली आणावं. रेघेपासून थोडं अंतर राखून पहिला काप आणि नंतर केसभर-केसभर जवळ जायचं. घाईत एका फटक्यात रेघ गाठायला गेलं की लाकूड आखूड होतं, आणि आखूड झालेलं लाकूड कुणी लांब करून देत नाही.

६. लाकूड सरकतं तेव्हा हातही सरकतो

१० इंची पातं मिनिटाला साधारण ४,८०० वेळा फिरतं असं धरा. त्याचा परीघ सुमारे ८० सेंटिमीटर. म्हणजे दात सेकंदाला ६४ मीटर, ताशी २३० किलोमीटर वेगानं जात असतो. या वेगापुढे हात मागे घेण्याची आपली चपळाई कामाची नाही. म्हणून सगळी काळजी काप सुरू होण्याआधी घ्यायची असते.

पातं कुठल्या दिशेनं फिरतं, ते समजून घ्या. खालच्या बाजूचे दात आपल्यापासून दूर, फेन्सकडे जातात. म्हणजे पातं लाकडाला मागे आणि खाली दाबतं. लाकूड फेन्सला आणि बैठकीला पूर्ण टेकलेलं असेल तर हे बळ आपल्या फायद्याचं. पण लाकूड आणि फेन्स यांच्यात थोडीशीही पोकळी असेल, तर पातं लाकडाला झटक्यानं मागे ओढतं आणि धरणारा हातही त्याच्यासोबत जातो. काप तर बिघडतोच. फेन्सजवळ साचलेला भुसा प्रत्येक कापानंतर ब्रशनं झाडायचा तो याचसाठी. चिमूटभर भुशानंही पट्टी अर्धा अंश फिरते.

तिरक्या कापात आणखी एक ओढ तयार होते. पातं तिरकं असल्यामुळे लाकूड फेन्सच्या कडेकडेनं बाजूला सरकू पाहतं. हातानं धरलं तर बोटं नकळत अधिकाधिक घट्ट दाबू लागतात, पट्टी तरी अर्धा मिलिमीटर सरकतेच, आणि कापाच्या तोंडावर हलकी कमान येते. मग सांधा मधे भिडतो आणि दोन्ही टोकांना उघडा राहतो. उपाय सोपा आहे: पट्टी शिकंज्यानं आवळायची. फेन्सवर बारीक काचकागदाची पट्टी चिकटवली तरी सरकणं पुष्कळ कमी होतं. शिकंज्यानं काप सुधारतो, आणि हात पात्यापासून लांब राहायला मोकळा होतो. सुरुवातीला म्हटलं होतं, ते हेच.

हात पात्यापासून किमान १५ सेंटिमीटर तरी लांब हवा. ज्या तुकड्याला धरताना हात याहून जवळ येईल, तो हातानं धरून कापायचाच नाही. छोटा तुकडा हवा असेल तर तो लांब पट्टीतूनच कापून काढावा. उजव्या बाजूचं लाकूड डाव्या हातानं धरायला हात आडवे टाकू नयेत. पात्याच्या रेषेत तोंड आणू नये. लांब पट्टीचं दुसरं टोक बैठकीच्या उंचीला टेकवलेलं असावं. विटांवर फळी ठेवली तरी चालते. ते टोक लोंबकळत राहिलं तर कापाजवळचा भाग वर उचलला जातो आणि काप पुरा होताना लाकूड पात्याला चिमटतं.

वाकलेली पट्टी असेल तर तिचा फुगीर भाग फेन्सकडे ठेवावा आणि कापाच्या जागी पट्टी फेन्सला चिकटलेली आहे याची खात्री करावी. उलट ठेवली तर काप संपत आला की दोन्ही भाग मिटतात आणि पातं अडकतं. बरेच तुकडे एका मापाचे कापायचे असतील तर अडणीचा ठोकळा धरलेल्या बाजूलाच लावावा. सुटणारा तुकडा पातं आणि ठोकळा यांच्यामध्ये कोंडला गेला की तो उडतोच.

काप पूर्ण झाला की बटण सोडायचं, डोकं खालीच धरायचं, पातं पूर्ण थांबू द्यायचं आणि मग वर उचलायचं. फिरतं पातं वर उचललं की ते सुटलेल्या तुकड्याला दात लावतं, आणि कापलेल्या तोंडावरही ओरखडा काढतं. या दोन-तीन सेकंदांच्या थांबण्यात काप आणि डोळे दोन्ही वाचतात. सरकत्या डोक्याच्या यंत्रात डोकं आधी आपल्याकडे ओढायचं, मग खाली आणायचं, मग मागे ढकलत कापायचं. आपल्याकडे ओढत कापलं तर पातं लाकडावर चढून अंगावर येतं.

साइटवर दिसणाऱ्या दोन सवयींबद्दल कळकळीनं सांगायला हवं. एक, पात्यावरचं झाकण तारेनं किंवा दोरीनं वर बांधून टाकणं. "रेघ दिसत नाही" हे कारण सांगतात. रेघ पाहायची असेल तर पातं बंद असताना झाकण हातानं उचलून पाहता येते. दुसरी सवय त्याहून घातक: फरशी कापायचं मार्बल कटर पालथं करून प्लायखाली बसवायचं आणि त्यातून पट्ट्या सरकवायच्या. ते यंत्र मिनिटाला दहा हजारांहून जास्त वेळा फिरतं, दगडासाठी केलेलं असतं, आणि पालथं केल्यावर त्याला ना झाकण उरतं ना लाकूड धरायची सोय. त्याच्यावर तिरका काप नीट येत नाही आणि बोटं मात्र पात्याच्या समोरून जातात. आपल्या घरी काम चालू असेल आणि हे दिसलं, तर घरमालकानं ते थांबवावं. यात मिस्त्रींचा अपमान नाही.

कापताना हातमोजे घालू नयेत. दाताला धागा लागला की सगळा हात ओढला जातो. मनगटातला गंडा, कडं, लोंबणारी बाही, गळ्यातला गमछा काढून ठेवावा. डोळ्यांवर चष्मा, कानांना बंद आणि नाकावर मास्क हवाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये लाकडाचा भुसा माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातला. दहा तास त्या धुळीत उभं राहणाऱ्या माणसाला रुमालानं भागत नाही.

७. आतला कोपरा कापायचा नाही, कोरायचा

भिंतीच्या तळाशी लावायच्या लाकडी स्कर्टिंगला खोलीच्या आतल्या कोपऱ्यात दोन्हीकडून ४५ चा काप देणं सोपं वाटतं. पण खिळे ठोकताना पट्ट्या भिंतीकडे ओढल्या जातात आणि सांधा उघडतो. जाणते कारागीर इथे कोपिंग करतात. पहिली पट्टी सरळ कापून कोपऱ्यापर्यंत नेऊन भिडवतात. दुसरीवर ४५ चा काप घेतात, पण सांध्यासाठी नाही. त्या कापामुळे पट्टीच्या नक्षीची बाजूची रेघ तोंडावर उमटते. त्या रेघेवर पेन्सिल फिरवून ती ठळक करतात आणि बारीक पात्याच्या कमानी करवतीनं तिच्या कडेनं कोरत जातात. करवत थोडी मागे कलती ठेवली की फक्त पुढची धार पहिल्या पट्टीला टेकते आणि मागचं लाकूड आड येत नाही. उरलेलं गोल कानशीनं घासायचं.

असा सांधा कोपरा ८८ चा असो की ९२ चा, सहसा मिटतोच, कारण त्यात कोनाला फारसं काम उरत नाही. एक पट्टी दुसरीच्या अंगावर तिचाच आकार घेऊन बसते. वेळ जास्त लागतो, पण सागवानाच्या पट्टीला तो दिलाच पाहिजे असं मला वाटतं.

८. छताची तिरकी पट्टी

छत आणि भिंत यांच्यामधल्या पट्टीला कॉर्निस किंवा क्राउन म्हणतात. आपल्याकडे ती बहुधा पीओपीची असते. तिथे सांधा चुकला तरी पीओपीचाच लेप भरता येतो. लाकडी पट्टीला ही सवलत नाही, आणि तिच्यात एक जास्तीची अडचण आहे. ती भिंतीला सपाट चिकटत नाही, भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखी कलती बसते: एक कड भिंतीवर, दुसरी छतावर, मागे पोकळी. पट्टीची पाठ भिंतीशी किती कलते तो कोन बाजारात बहुधा ३८ किंवा ४५ अंशांचा असतो. तुकडा गुण्याच्या आत बसवून तो मोजता येतो.

कापायच्या दोन रीती आहेत. पहिलीत पट्टी यंत्रावर तशीच कलती, पण उलटी ठेवायची: छताची कड बैठकीवर, भिंतीची कड फेन्सला. बैठक म्हणजे छत आणि फेन्स म्हणजे भिंत, असं मनाशी धरायचं. मग काटकोनी कोपऱ्यासाठी नेहमीसारखे ४५ लावून कापता येतं. पट्टी घसरू नये म्हणून बैठकीवर एक फळी पक्की करून ठेवावी. उलटं ठेवल्यामुळे डावं-उजवं डोक्यात गोंधळतं, तेव्हा टाकाऊ पट्टीतून आतल्या कोपऱ्याचे दोन आणि बाहेरच्या कोपऱ्याचे दोन असे चार नमुने कापून प्रत्येकावर नाव लिहून ठेवावं. काप घेण्याआधी नमुना यंत्रावर ठेवून पाहिला की लांब पट्टी वाया जात नाही.

रुंद पट्टी फेन्सजवळ उभी राहत नाही. ती सपाट झोपवून दोन कोन एकदम लावावे लागतात: पातं बाजूला वळवायचं आणि डोकंही कलवायचं. काटकोनी कोपऱ्यासाठी ३८ अंशांच्या पट्टीला वळण ३१.६ आणि कल ३३.९. ४५ अंशांच्या पट्टीला वळण ३५.३ आणि कल ३०. कंपाउंड यंत्रांच्या मापपट्टीवर ३१.६ आणि ३३.९ या विचित्र जागी खुणा का असतात, याचं उत्तर हे. भिंतीचा कोन ९० नसेल तर हे दोन्ही आकडे बदलतात. त्यामुळे पट्टी मावत असेल तर पहिलीच रीत बरी.

९. काप अचूक होता, मग उन्हाळ्यात फट कुठून आली?

लाकूड ओलावा घेतं आणि सोडतं. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलतं. ७० मिलिमीटरची पट्टी रुंदीत एक टक्का आटली तर ६९.३ ची होते, पण कापाची लांबीतली तिरपी चाल ७० चीच राहते. म्हणजे टोकाचा कोन ४५ वरून साधारण ४४.७ वर येतो. दोन पट्ट्या मिळून अर्ध्या अंशाहून जास्त तूट, आणि आतल्या टोकाला एक मिलिमीटरची फट. कोरड्या दिवसांत सांधा आतून उघडतो. पावसाळ्यात पट्टी फुगली की उलट होतं आणि फट बाहेरच्या टोकाला दिसते. फट कुठल्या टोकाला आहे हे पाहून लाकूड आटलंय की फुगलंय, हे सांगता येतं. पण बसवल्याच दिवशी दिसणारी फट मात्र कापाची किंवा कोपऱ्याचीच असते.

म्हणून पट्ट्या आणल्या त्याच दिवशी कापू नयेत. ज्या खोलीत लावायच्या, तिथे आठवडाभर, खाली ठोकळे देऊन, हवा खेळेल अशा रचून ठेवाव्यात. कोकणात किंवा मुंबईत ऐन पावसात आणलेली पट्टी नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात नक्की आटणार, हे धरूनच काम करावं. एमडीएफच्या पट्टीला रेषा नसतात, त्यामुळे ती अशी एका दिशेनं आटत नाही, पण पाणी लागलं की तिची कड कायमची फुगते. बाथरूमच्या दाराला ती लावू नये.

सांधा टिकवायचा शेवटचा भाग गोंदाचा. तिरक्या कापात लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी पडतात आणि ती गोंद आत शोषून घेतात. एकदाच फेविकॉल लावून जोडलं तर सांध्यात गोंद उरतच नाही. आधी पातळ हात देऊन दोन-चार मिनिटं थांबावं, तो आत जिरला की दुसरा हात द्यावा आणि मग जोडावं. भिंतीवर पट्टी चढवण्याआधी कोपरा जमिनीवर जोडून, चिकटपट्टीनं आवळून, वाळू दिला तर पुढे लाकूड हललं तरी दोन्ही पट्ट्या एकत्र हलतात. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्यानं लगेच पुसावा. पॉलिशखाली त्याचा डाग पांढरा दिसतो आणि मग तो काचकागदानं घासूनही पुरता जात नाही.